घरातलं दुखणं जवळचं असताना विज्ञानावर लिहावं का?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, ‘एसएस’ पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेलं. तुमचं निम्मं लहानपण त्याच्या उशाशी आणि रक्तपेढीबाहेरच्या बाकावर गेलं. आता मराठीत आरोग्य आणि विज्ञानावर लिहायचंय. पहिला लेख पाठवला तर संपादक म्हणाले, ‘तुम्ही या विषयाच्या फार जवळ आहात, दुसरं काहीतरी घ्या.’ तुमचा प्रश्न असा की, विज्ञान पत्रकारानं स्वतःचा अनुभव बाजूला ठेवायचा असतो का, आणि बाकीचे पत्रकार अशाच काही अनुभवातून या कामात येतात का.

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. काही येतात, काही नाही. माझा एक सहकारी २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणामुळे या वाटेला लागला. ऐन दिवाळीत घरच्यांनी खिडक्या लावून त्याला आत बसवलं होतं आणि दाराच्या फटीतून भिंतीवर पडलेली सूर्याची कोर त्याला दिसली. दुसरी एक मैत्रीण केवळ भौतिकशास्त्राचे शिक्षक चांगले लाभले म्हणून आली. दुःख हा या कामाचा प्रवेशअर्ज नाही, हे आधी सांगते, कारण तुमच्या लिहिण्यात ‘माझ्याकडे निदान एवढं तरी आहे’ असा एक सूर मला ऐकू आला. तुमच्याकडे एम.एस्सी. आहे, मराठी चांगली आहे. तेवढंही पुरेसं आहे.

पहिला भाग अवघड. अनुभव बाजूला ठेवता येतो हेच मुळात मला पटत नाही. तो तुमच्या नजरेत असतोच. म्हणून खरा प्रश्न असा करून घेऊ: लेखात त्या अनुभवाला कुठलं काम द्यायचं आणि कुठलं द्यायचं नाही? हे मी चूक करून शिकले, म्हणून तीच गोष्ट सविस्तर सांगते.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, त्यामुळे निजानीज उशिरा झाली. मी आणि आई अंगणात बाजेवर होतो. आजी आत, ढाळजेत. तिला दमा होता, दव सोसायचं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमच्याकडे जमीन सारखी हादरत होती. खालून मालगाडी गेल्यासारखा गडगड आवाज यायचा, मांडणीवरची भांडी वाजायची. तेव्हा सगळं गाव बाहेर झोपायचं, आजीसुद्धा. मग तालुक्यावरून एक साहेब आले, पारावर बसून म्हणाले, ‘घाबरण्याचं कारण नाही.’ धक्के कमी झाले, थंडी वाढली, लोक एकेक करून आत गेले.

आजीला बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती. त्या दिवसाबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. एकच गोष्ट सांगते, कारण तिचा पुढे संबंध आहे. आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, होतं आणि त्याचे लाकडी खांब उभेच होते. बऱ्याचशा तुळयाही जागेवर होत्या. भिंती तेवढ्या राहिल्या नव्हत्या.

भूकंपाला पंधरा वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, मी पुण्यात एका दैनिकात नवीन होते. संपादकांनी किल्लारीवर मोठा लेख दिला आणि मी एका बैठकीत लिहून काढला. त्यात दोन ठाम विधानं होती. एक, भूकंप आमच्या भागातल्या माकणीच्या धरणामुळे झाला. दोन, धोका ठाऊक होता, पण तो लोकांपासून लपवला गेला. लेख गाजला. गावाकडून फोन आले. आठवड्यानं एका ज्येष्ठ भूकंपशास्त्रज्ञांनी भेटायला बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले. त्यांनी चहा मागवला, टेबलावर नकाशा पसरला आणि तीनच प्रश्न विचारले: धरणात पाणी किती होतं, ते कधी चढलं, आणि १९९२ चे धक्के नेमके कुठे झाले? मग म्हणाले, यातलं तुम्ही काय काय पाहिलंत?

मी काहीच पाहिलं नव्हतं. धरणाकडे बोट दाखवायला मला दोन गोष्टी पुरल्या होत्या. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला धरणाच्या परिसरात मोठा भूकंप झाला होता आणि त्याचा जलाशयाशी असलेला संबंध शास्त्रज्ञांनी मान्य केला होता, ही पहिली. दुसरी मी लेखात लिहिली नव्हती: माझ्या मामाची जमीन माकणीच्या पाण्याखाली गेली होती. त्या धरणावर आमच्या घराचा राग होता. भूकंपाचं खापर त्याच्यावर फुटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माकणीच्या जलाशयाचा काही हात होता का यावर शास्त्रज्ञांमध्ये खरोखर वाद झाला आहे, दोन्ही बाजूंनी शोधनिबंध आहेत. मी एका बाजूचा एक माणूस गाठला, त्याचं म्हणणं घेतलं आणि थांबले. माझा राग मी पुरावा म्हणून छापला होता.

दुसऱ्या विधानाचं तर मला आजही वाईट वाटतं. भूकंप नेमका कधी आणि किती मोठा होईल हे आधी सांगता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. छोट्या धक्क्यांच्या मालिका बहुतेक वेळा मोठा भूकंप न होताच विरून जातात. शिवाय आमचा भाग त्या वेळच्या भूकंप नकाशावर विभाग १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. (पुढे २००२ च्या सुधारणेत विभाग १ रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर विभाग ३ मध्ये गेला.) भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा वरचा काळा बेसॉल्ट ३३८ मीटरपर्यंतच लागला आणि त्याखाली फार जुना खडक. ज्या जमिनीला सगळे स्थिर समजत होते तिच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणजे पारावरच्या त्या साहेबांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ असं मात्र ते म्हणाले नाहीत, ‘घाबरण्याचं कारण नाही’ असं म्हणाले.

या दोन वाक्यांतला फरक मला त्या टेबलावर कळला आणि तेव्हापासून माझं सगळं काम त्याच फरकावर चालतं. कुठल्याही शास्त्रज्ञाला, अधिकाऱ्याला, कंपनीच्या डॉक्टरला मी हमखास विचारते: धोका नाही हे तुम्ही तपासून सांगताय, की धोका दिसला नाही म्हणून सांगताय? कोविडच्या काळात हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा विचारला असेल. लोकांना तो चिकटपणा वाटतो. मला त्यात माझी आजी दिसते. हे काम अनुभवाला जरूर द्या. काय विचारायचं हे तो सांगतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू देत नाही.

खांबांचंही तसंच झालं. भूकंपात मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगतात, कुठला कागद बघाल त्यावर ते अवलंबून. भूकंप ६.२ रिश्टरचा. एवढ्या धक्क्याला इतकी माणसं कशी गेली, याला वर्षानुवर्षं ‘जड माळवदं कोसळली’ हे एकच उत्तर छापून येत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र उभे खांब होते. मी एका स्थापत्य अभियंत्याला हे विचारलं. त्याने कागदावर भिंतीचा छेद काढला. आमच्याकडच्या दोन-अडीच फुटी भिंती म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्हींना सांधणारा लांब आडवा दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि आत-बाहेर फुगून ढासळतात. छपराचा भार खांबांवर असतो, म्हणून खांब राहतात आणि भिंतीला लागून झोपलेली माणसं दगडांखाली जातात. आजी भिंतीला लागून झोपायची, टेकायला बरं पडतं म्हणून. भूकंपानंतर जुनी घरं मजबूत करताना भिंतीला भोक पाडून असा सांधणारा दगड किंवा काँक्रीटचा तुकडा बसवायची पद्धत शिकवली गेली, तिचं महत्त्व मला त्या आकृतीनंतर समजलं. त्यावरचा लेख मी केला तो माझ्या आठवणीमुळे, पण लेखात आठवण दोन ओळींची होती. बाकी सगळं भिंतीबद्दल होतं.

आठवणीवरही डोळे झाकून विसंबू नका. भूकंपाआधी रात्रभर कुत्री रडत होती अशी माझी पक्की आठवण होती. मोठ्या चुलतीला विचारलं तर ती म्हणाली, ‘अगं, विसर्जनाचं ढोल-ताशे वाजत होते, कुत्री भुंकणार नाहीत तर काय.’ तेव्हापासून मी वहीचं पान मधोमध दुमडते. डावीकडे मी पाहिलेलं, उजवीकडे तेच कुणी दुसऱ्यानं किंवा कुठल्या कागदानं सांगितलेलं. उजवीकडची जागा रिकामी असेल तर ती ओळ लेखात ‘मला आठवतं’ म्हणूनच जाते, नाहीतर जात नाही.

आता तुमच्याकडे येते. इथे बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: भाऊ किती मोठा आहे, घरात या आजाराबद्दल मोकळेपणी बोलतात का, गावात कुणाकुणाला ठाऊक आहे. हे मला माहीत नाही, म्हणून जे कुठल्याही परिस्थितीत लागू पडेल तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी एक साधा हिशेब. भावाला ‘एसएस’ आहे असं तुम्ही नावानिशी लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की आई-वडील दोघंही निदान वाहक असणार. आई-वडील दोघेही ‘एएस’, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के, ‘एएस’ असण्याची ५० आणि ‘एए’, म्हणजे सदोष जनुक अजिबात नसण्याची, २५. तुम्हाला आजार नाही, म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर न लिहिताही हे जाहीर होतं. तुम्हाला बहीण असेल तर तिच्याबद्दलही. विदर्भात सिकलसेलच्या नावानं ठरलेली लग्नं मोडतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. कर्करोगावर लिहिणारा माणूस एका रुग्णाबद्दल लिहितो. तुमचा विषय आनुवंशिक आहे, इथे एका माणसाची गोष्ट सगळ्या घराची होते. म्हणून भावाची एकट्याची परवानगी पुरत नाही. आई, वडील, भावंडं, सगळ्यांना समोर बसवून हा हिशेब समजावून सांगा आणि मग विचारा. कुणी एक जरी नको म्हणालं तर लेख नाव न देता, गाव न देता लिहा. तुम्ही स्वतः तपासणी केली नसेल तर लेखाआधी करून घ्या, लेखासाठी म्हणून नव्हे, तुमच्यासाठी.

दुसरं, भावाचे डॉक्टर. तुमच्या लेखात सगळी मतं त्यांचीच असतील असा माझा अंदाज आहे, कारण ते ओळखीचे आहेत आणि फोन उचलतात. त्यांना मुख्य स्रोत करू नका. त्यांनी भावाला वाचवलंय, त्यांचे तुमच्यावर उपकार आहेत, उद्याही त्यांच्याकडेच जायचंय. अशा माणसाला आडवा प्रश्न विचारताना तुमची जीभ अडखळणार. माहिती समजून घ्यायला त्यांच्याकडे जरूर जा, छापायला मात्र असा डॉक्टर शोधा ज्याने तुमच्या भावाला कधी पाहिलेलं नाही.

तिसरं, तुमचा भाऊ म्हणजे सिकलसेल नव्हे. हा आजार माणसागणिक फार बदलतो. एकाला वर्षातून सहा वेळा कळा येऊन दाखल करावं लागतं, दुसऱ्याला पंचविशी उलटेपर्यंत निदानही होत नाही. अंगात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन किती टिकून राहिलंय, हे त्यामागचं एक कारण. म्हणून लेखात भाऊ असेल तर त्याच्याहून सौम्य आणि त्याच्याहून तीव्र असे आणखी दोघं तरी हवेत. आकडे वाचतानाही हेच लक्षात ठेवा. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये एका दुर्मीळ कर्करोगाचं निदान झालं. ‘मध्यक आयुर्मान आठ महिने’ असं वैद्यकीय साहित्यात लिहिलेलं. संख्याशास्त्र जाणणाऱ्या त्या माणसानं विचार केला की निम्मे आठ महिन्यांच्या आत जातात हे खरं, पण उरलेले निम्मे किती काळ जगतात, आलेखाची ती शेपटी किती लांब आहे? ती बरीच लांब होती आणि तो तिथे कुठे असू शकेल हे त्याने तपासलं. पुढे तो वीस वर्षं जगला. त्यावर त्याने जे लिहिलं ते आजही डॉक्टर रुग्णांना वाचायला देतात. त्याने स्वतःचा आजार लपवला नाही आणि स्वतःचं जगणं पुरावा म्हणून पुढेही केलं नाही. आलेख कसा वाचायचा तेवढं शिकवलं.

मग तुमच्या अनुभवाचं करायचं काय? पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. हे कुणीही लिहील. जानेवारीच्या पहाटे भाऊ उठला की घरात आधी त्याच्या पायांना हात लावून बघतात, गार लागले तर शेगडी पेटते, असं तुम्ही प्रश्नात ओघात लिहून गेलात. तिथे तुमचा लेख आहे. थंडीत कळा का वाढतात? आश्रमशाळेतल्या मुलाच्या पायांना पहाटे कोण हात लावतं? तिथे पांघरुणं किती, गरम पाणी आहे का? कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सलग मिळतात, की दोन महिने मिळून तिसऱ्या महिन्यात संपतात? १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट, २०४७ पर्यंत आजार संपवायचं ध्येय. तपासणी किती झाली याच्या बातम्या रोज येतात. तपासणीत ‘एसएस’ निघालेल्या मुलाच्या हातात दुसऱ्या दिवशी काय पडलं, हे तुम्हालाच सुचेल, कारण तुमच्या घरात तो दुसरा दिवस येऊन गेलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. ते प्रमाणपत्र काढायला तुमच्या तालुक्यातून किती फेऱ्या होतात, हेसुद्धा मोजून लिहिण्याजोगं आहे.

संपादकांबद्दल. ते अगदीच चूक नसावेत असं मला वाटतं. लेख मी पाहिलेला नाही, पण पहिल्या लेखात आपण सगळं ओततो. त्यांना तो ‘व्यथा’ वाटला असेल, बातमी नाही. विषय बदलू नका. प्रश्न एक निवडा, वरच्यापैकी कुठलाही, आणि संपादकांना लिहायच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत सांगा की माझ्या घरात हा आजार आहे, म्हणून मजकूर एका बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतला आहे. वाचकांनाही लेखाच्या शेवटी एका वाक्यात सांगा, अर्थात घरच्यांची हरकत नसेल तर. हरकत असेल तर निदान संपादकांना तरी ठाऊक हवं. माझ्या २००८ च्या लेखात मामाच्या जमिनीबद्दल एक ओळ असती, तर संपादकांनी मला धरणाबद्दल दोन प्रश्न जास्त विचारले असते आणि तो लेख तसा छापून आला नसता.

आणि एक सांगायलाच हवं. हे अंगावर येतं. एड याँग या ‘द अटलांटिक’ या अमेरिकन मासिकातल्या विज्ञान पत्रकाराला कोविडवरच्या लेखनासाठी २०२१ मध्ये पुलित्झर मिळालं आणि २०२३ मध्ये त्याने नोकरी सोडली, पार थकून गेलो म्हणून, आणि तो हे उघडपणे बोलला. त्याला मासिकाचा, मोठ्या वाचकवर्गाचा आधार होता. मराठीत पूर्णवेळ विज्ञान पत्रकाराच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्यातले बहुतेक जण शिकवतात, भाषांतर करतात आणि उरल्या वेळात हे काम करतात. तुम्ही दिवसभर सिकलसेलच्या वॉर्डात मुलाखती घेऊन रात्री घरी याल, तेव्हा घरीही सिकलसेलच असेल. म्हणून वर्षात घरच्या विषयावरचा एकच लेख करा आणि बाकीचे फुलपाखरांवर, पाण्यावर, रस्त्यावरच्या डांबरावर. मी स्वतः ३० सप्टेंबरच्या आठवड्यात काही लिहीत नाही. दर वर्षी कुणी ना कुणी ‘आठवण’ मागतं, मी नाही म्हणते आणि गावी जाते.

नवा मसुदा झाला की छापायला पाठवण्याआधी भावाला मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्ही वाचा, त्याला हातात देऊ नका. तो कुठे ‘असं नव्हतं’ म्हणतो, कुठे गप्प होतो, कुठे पुढचं वाच म्हणतो, ते पेन्सिलीनं कडेला लिहून घ्या. मसुदा इथे टाकायचा असेल तर टाका, किंवा मला निरोप पाठवा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला सवड आहे, तेव्हा ओळ न् ओळ बघून देईन.